बिनकठड्याच्या विहिरी: फ्लोरिडाच्या झऱ्यांत पोहायला जाण्याआधी

आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, लाकडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि मागे वळून म्हणाले, "अरे, हे तर विहिरीचं पाणी आहे."

गाडीत तासभर मी त्यांना समजावत आलो होतो की आपण झऱ्यावर चाललोय. त्यांच्या डोळ्यांपुढे झरा म्हणजे कडेकपारीतून खळखळत येणारी धार. इथे तर क्षितिजापर्यंत सगळं परातीसारखं सपाट, आणि झाडीच्या मधोमध निळंशार, जवळजवळ गोल तळं. जुलैची सकाळ होती, अंगाला घामाचा चिकटा होता, आणि पाणी असं गार की पायाला झिणझिण्या याव्यात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत ज्याने भर उन्हाळ्यात मुटके मारलेत, त्याला हा गारवा ओळखायला भूगर्भशास्त्र शिकावं लागत नाही.

आप्पांचं वाक्य मला पुढे फार कामाला आलं. फ्लोरिडाचा झरा हे नदीचं धाकटं भावंड नाही, ती कठडा न बांधलेली विहीर आहे. तो असा गार का, इतका नितळ का, जानेवारीत तिथे पोहायला बंदी का, गवतावर उभं राहिलं की ओरडतात का, या सगळ्याची उत्तरं तिथूनच सुटतात. टॅम्पा, ओरलँडो, जॅक्सनव्हिल भागातल्या मराठी घरांत पाहुणे आले की डिस्नी आणि समुद्रकिनारा झाल्यावर "आता कुठे न्यायचं?" हा प्रश्न येतोच. हा लेख त्यांच्यासाठी. आणि तिकडून येणाऱ्या आईवडिलांसाठी, ज्यांना हे सगळं मुलांपेक्षा लवकर कळतं.

पाणी येतं कुठून?

आपला सह्याद्री लाव्हाचा. काळा फत्तर, त्यात पाणी साठायला जागा कमी. भेगांत, फटींत जेवढं मुरेल तेवढंच. म्हणून आपल्याकडचे झरे बोटाएवढे, फार तर मनगटाएवढे. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे जरा बरं आहे. गोव्यात केसरवाळ, साळगावची साल्मोना, पोंबुर्फा इथल्या झऱ्यांवर लोक आजही हौसेने अंघोळीला जातात. राजापूरजवळची गंगा तर मनात येईल तेव्हा येते आणि जाते. पण यांतला कुठलाही झरा नाव वल्हवण्याजोगा नाही.

फ्लोरिडाचं पोट वेगळ्या दगडाचं आहे. हा सगळा भाग कोट्यवधी वर्षं उथळ समुद्राखाली होता. शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांचे सांगाडे थरावर थर साचत गेले, दाबले गेले आणि त्यांची चुनखडी झाली. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ही चुनखडी त्यानंतर साचली, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराहून वयाने लहान. काही ठिकाणी ती हजारो फूट जाड आहे. पाण्याने भरलेल्या या थराला फ्लोरिडन ॲक्विफर म्हणतात. त्याचा पसारा सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून थोडाच लहान. पूर्ण फ्लोरिडा आणि शेजारच्या जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलायना राज्यांच्या काही भागांखाली तो पसरलाय.

आता चुनखडीची एक खोड. ती आम्लात विरघळते. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये पांढरा थर बसतो आणि तो काढायला आपण व्हिनेगर किंवा लिंबू वापरतो, तोच प्रकार. पाऊस हवेतला आणि विशेषतः मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत खाली उतरतो, तेव्हा तो अगदी सौम्य आम्ल होऊन जातो. सोडावॉटरचाच फार पातळ अवतार समजा. इथे वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं हे पातळ आम्ल दगडाच्या फटीफटींतून झिरपलं, फटींच्या नळ्या झाल्या, नळ्यांच्या गुहा झाल्या. टॅलाहासीजवळच्या वकुला झऱ्यामागे पाणबुड्यांनी ३० मैलांहून जास्त गुहा मोजून काढल्यात, आणि ती यादी अजून संपलेली नाही.

कधी कधी अशा पोकळीचं छत कोसळतं आणि वरची जमीन खाली बसते. १९८१ च्या मे महिन्यात ओरलँडोला लागून असलेल्या विंटर पार्क गावात एक खड्डा असाच पडला आणि साडेतीनशे फूट रुंद होईपर्यंत थांबला नाही. त्यात एक घर गेलं, दुरुस्तीला आलेल्या पोर्श गाड्या गेल्या आणि गावच्या पोहण्याच्या तलावाचा तुकडाही गेला. आज तिथे तळं आहे. इथे घराचा विमा उतरवताना खड्ड्याचं कलम वेगळं वाचायला सांगतात, ते उगाच नाही.

पण पाणी जमिनीखाली असणं वेगळं आणि ते आपण होऊन वर येणं वेगळं. इथे गच्चीवरची टाकी आठवा. टाकी उंचावर, नळ तळमजल्यावर. तोटी सोडली की पाणी जोरात येतं, पंप लागत नाही. फ्लोरिडा दिसायला सपाट असला तरी मधला भाग कडेच्या नदीखोऱ्यांपेक्षा थोडा उंच आहे. तिथे मुरलेलं पाणी चुनखडीतून उताराकडे सरकतं. बऱ्याच भागात या चुनखडीवर चिकणमातीचं झाकण आहे, त्यामुळे पाणी दाबाखाली राहतं. जिथे झाकण पातळ आहे, फाटलंय किंवा मुळात नाहीच, तिथे सखल जागी ते वर उसळतं. उत्तर आणि मध्य फ्लोरिडात झाकण असं जागोजागी फाटकं आहे, म्हणून झरे तिकडेच एकवटलेत. मायामीकडे राहणाऱ्यांना चार-पाच तास गाडी हाकावी लागते, त्याला इलाज नाही.

जिथून पाणी उसळतं त्या जागेला इथले लोक 'बॉइल' म्हणतात. पाणी उकळत नसतं. पृष्ठभागावर गुळगुळीत फुगवटा येतो आणि तो सतत हलत राहतो. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, उमाळा. आपण तो आता फक्त मायेच्या आणि रडण्याच्या संदर्भात वापरतो, पण मुळात तो पाण्याचाच. उमाळ्यातून जो प्रवाह नदीकडे निघतो त्याला म्हणतात 'रन'. पोहायचं ते उमाळ्याच्या डोहात, आणि कायाक वल्हवायची ती रनमध्ये.

किती पाणी?

ऑस्कर मायन्झर या अमेरिकी भूजलशास्त्रज्ञाने झऱ्यांच्या आठ प्रती ठरवल्या. पहिल्या प्रतीचा झरा म्हणजे सेकंदाला १०० घनफूट किंवा त्याहून जास्त पाणी देणारा. आपल्या हिशेबात दिवसाला सुमारे साडेचोवीस कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरा: मिनिटाला १७ टँकर, रात्रंदिवस, बारा महिने. आणि पहिल्या प्रतीत बसायची ही किमान पात्रता. फ्लोरिडात नोंदलेले लहानमोठे झरे हजाराच्या वर आहेत आणि त्यांत पहिल्या प्रतीचे दोन डझनांहून अधिक. आप्पांना टँकरचा हिशेब सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मार्चपासून टँकरची वाट बघणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला हा आकडा सुखाचा वाटत नाही.

बारा महिने तेच तापमान

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी बदलत नसतं, हवा बदलत असते. जमिनीखाली काही मीटर गेलं की ऋतू पोचतच नाहीत. तिथलं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीएवढं स्थिर राहतं. उत्तर फ्लोरिडाची सरासरी २०-२१ अंशांच्या आसपास, म्हणून तिथले झरे साधारण तेवढेच. दक्षिणेकडे सरकलं की ते २३-२४ पर्यंत जातात.

२२ अंश ऐकायला सुखद वाटतं. त्या तापमानाच्या खोलीत आपण पंखाही लावणार नाही. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. सोसायटीच्या तलावातल्या २८-३० अंशांची सवय असलेल्या आपल्या पोरांचे ओठ इथे वीस मिनिटांत निळे पडतात आणि तरी ती "अजून थोडा वेळ" म्हणत राहतात. त्यांचं ऐकू नका. बाहेर काढून टॉवेलात गुंडाळा, दहा मिनिटं उन्हात बसवा, मग पुन्हा सोडा. थर्मासमध्ये चहा न्या. जुलैत चहाचा थर्मास घेऊन निघालात म्हणून शेजारी हसतील, हसू दे.

याच स्थिर तापमानावर मॅनटी जगतात. मॅनटी म्हणजे समुद्रगाईच्या कुळातला संथ, शाकाहारी, म्हशीएवढा प्राणी. अंगाने एवढा मोठा असूनही थंडीला भित्रा. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तो आजारी पडतो, मरूही शकतो. म्हणून नोव्हेंबरात नद्या गारठल्या की ते झऱ्यांच्या उबेला येतात. ओरलँडोच्या उत्तरेला ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आहे. तिथे १९७० च्या दशकात जेमतेम काही डझन मॅनटी मोजले जात. २०२४ च्या जानेवारीत एका सकाळी ९०० च्या वर होते. रन जेमतेम काही शे मीटर लांबीची. काठावरच्या फळ्यांवरून पाहिलं तर पाण्यात राखाडी बटाटे ओतून ठेवल्यासारखे दिसतात, मध्येच एखादा नाकपुड्या वर काढून 'फूस्स' करतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथे पाण्यात उतरणं बंद असतं, नावही घालता येत नाही. हिवाळ्यात पोहायचा बेत घेऊन गेलात तर परत यावं लागेल. बघायला मात्र तोच हंगाम. आणि कुठेही, कितीही जवळ आला तरी मॅनटीला हात लावायचा नाही, त्याच्यामागे पोहायचं नाही. तो कायद्याने संरक्षित आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रिस्टल रिव्हर गावाकडे मॅनटी असलेल्या पाण्यात नियम पाळून उतरता येतं, पण तिथेही आपण ओंडक्यासारखं तरंगत राहायचं. जवळ यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं.

तळ दिसतो, पण

पाणी इतकं नितळ कशाने? दगडातून वर्षानुवर्षं गाळून आलेलं, त्यात गाळ नाही, आणि सूक्ष्म शेवाळाला पोसायला लागणारं खत मुळात फार कमी. खोल जागी निळं दिसतं कारण पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि निळा उरतो.

नितळपणाचा एक धोका सांगून ठेवतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ खाली पाहिलं तर खोली तीन चतुर्थांशच वाटते. बारा फुटांचा तळ नऊ फुटांवर दिसतो. गढूळ पाण्याला माणूस बिचकतो. इथे तळाची वाळू, मासे, कुणाचा तरी पडलेला गॉगल इतका स्पष्ट दिसतो की पोहता न येणाराही बेधडक पाऊल टाकतो. काठाला कमरेएवढं असलेलं पाणी एका पावलात डोक्यावर जातं, कारण कपारीचा कडा तिथेच सुटतो. लहान मुलं हाताच्या अंतरावर ठेवा.

आणखी एक भीती लोकांना उगाच असते, की झरा आत ओढून नेईल. एरवी पाणी बाहेर येतंय; ते तुम्हाला ढकलतं, ओढत नाही. पण गॉगल लावून कपारीच्या तोंडाशी डोकावणं आणि आत जाणं यात फार फरक आहे. गुहेत जाणाऱ्या पाणबुड्यांचं प्रशिक्षण वेगळं असतं, आणि साधं स्कूबाचं प्रमाणपत्र असलेले अनुभवी लोकही आत वाट चुकून दगावलेत. बऱ्याच गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलीय. चित्र बटबटीत आहे, पण खरं आहे.

कुठे काय करावं

पाहुण्यांबरोबर पहिली सहल असेल तर ओरलँडोजवळचं वेकायवा. पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत, डोह मोठा आहे, कायाक भाड्याने मिळते. गर्दीही तशीच.

नुसतं तरंगायचं असेल तर गेन्सव्हिलच्या वायव्येला इचटकनी. रबरी ट्यूबमध्ये बसायचं आणि प्रवाह नेईल तिकडे तास-दोन तास जायचं. वर ओकची झाडं, खाली वाऱ्यावर डुलावं तसं हिरवं गवत. नदीवर एकदा वापरून फेकायची कुठलीच वस्तू नेता येत नाही: ना बाटली, ना वेफर्सचं पाकीट. आपल्या लोकांचं इथे अडत नाही. दशम्या आणि चटणी स्टीलच्या डब्यात भरायची, डबा काठावरच्या बाकांपाशी ठेवायचा आणि पाण्यातून आल्यावर उघडायचा. थंड पाण्यात दोन तास काढल्यानंतर शेंगदाण्याच्या चटणीला जी चव येते ती घरी येत नाही.

ओकालाजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये पोहायला बंदी आहे, तरी माझ्या मते तो चुकवू नये. काचेच्या तळाच्या बोटी तिथे १८७० च्या दशकापासून चालतात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्या आईमावश्यांसाठी याहून चांगली सोय नाही: बाकावर बसायचं आणि पायाखाली तीस फुटांवरचा उमाळा बघायचा. कायाक घेऊन नदीत खाली गेलात तर झाडांवर माकडं दिसतील. हो, आपलीच, लालतोंडी, रीसस. १९३० च्या दशकात तिथल्या एका बोटवाल्याने पर्यटकांसाठी गंमत म्हणून ती एका बेटावर आणून सोडली. माकडांना पोहता येत नाही असा त्याचा समज होता. ती पोहून पलीकडे गेली आणि त्यांची प्रजा आजही तिथे आहे. खायला घालू नका आणि जवळ जाऊ नका, त्यांच्यात माणसाला घातक विषाणू असतो. आईने मात्र गाडीत बसेपर्यंत "आपल्याकडची दिसतात, नाही?" असं तीनदा विचारलं.

वकुलात पाण्यात उडी मारायला दुमजली मचाण आहे, आणि त्याच पाण्यात, दोऱ्यांच्या पलीकडे, मगरी. १९३० मध्ये याच डोहातून मॅस्टोडॉन या हत्तीच्या चुलत्याचा सांगाडा काढला होता. तो आता टॅलाहासीच्या संग्रहालयात उभा आहे. हिमयुगात समुद्र शेकडो फूट खाली होता आणि या गुहांतलं पाणीही खोल गेलं होतं, तेव्हाचे हे रहिवासी. वीकी वाचीत १९४७ पासून जलपऱ्यांचा खेळ चालतो: बायका नळीतून श्वास घेत पाण्याखाली नाचतात आणि प्रेक्षक पाण्याच्या पातळीखाली बांधलेल्या सभागृहात काचेपलीकडे बसतात. मला तो प्रकार थोडा जुनाट वाटतो, पण आठ वर्षांच्या मुलीचं मत अगदी उलट आहे. रेनबो, ज्युनिपर, अलेक्झांडर या आणखी तीन झऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की वल्हवायला तीनही सुरेख.

कधी जावं

इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. आप्पांनी पाण्यात पाय सोडले त्या सकाळच्या आधीच्या शनिवारी आम्ही पोहे वगैरे खाऊन सावकाश निघालो आणि साडेदहाला एका झऱ्याच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद. वाहनतळ भरला की आत सोडत नाहीत, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो नऊ-साडेनऊलाच भरतो. रांगेत चाळीस मिनिटं थांबून गाडी वळवली आणि आप्पांना मॉल दाखवला. त्यांनी तक्रार केली नाही, ते जास्त लागलं. तेव्हा: शक्यतो आठवड्यातला कामाचा दिवस, सकाळी आठला फाटक उघडतं तेव्हा हजर. बहुतेक राज्य उद्यानांत गाडीमागे ४ ते ६ डॉलर पडतात, माणसं आठपर्यंत. खाजगी झऱ्यांवर माणशी पैसे आणि दर बरेच जास्त.

सकाळी जाण्याला दुसरंही कारण आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनच्या सुमाराला रोज ढग दाटतात आणि विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत जायचं नाही.

निघण्याआधी एक फोन जरूर करा, विशेषतः सुवानी आणि सँटा फे नद्यांच्या काठच्या झऱ्यांसाठी. या नद्यांचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, दलदलीतल्या पालापाचोळ्याचा अर्क. नदीला पूर आला की तिची पातळी झऱ्याच्या दाबापेक्षा वर जाते आणि पाणी उलटं आत शिरतं. निळा डोह एका रात्रीत काळा चहा होतो, आणि पुढे काही दिवस किंवा आठवडे तसाच राहतो. टाकी आणि नळाचं उदाहरण पुन्हा घ्या: नळाच्या तोंडाशी बाहेरून जास्त दाब आला तर पाणी मागे जाणारच.

कायाकचं गणित सोपं. उमाळ्यापासून निघालात तर जाताना प्रवाह मदत करतो आणि येताना दमवतो. नवख्यांनी आधी प्रवाहाविरुद्ध जावं, हात भरून आले की वळावं. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट नावेत असलंच पाहिजे, सहा वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच हवं, आणि एक शिट्टी जवळ ठेवायची. हा फ्लोरिडाचा कायदा आहे.

मगरींचं काय, हा प्रश्न गावाकडून फोनवर हमखास येतो. फ्लोरिडात गोडं पाणी असेल तिथे मगर असू शकते हे धरून चालावं. नेमून दिलेल्या जागेतच, दिवसाउजेडी पोहायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला नाही. कुत्रं पाण्याकाठी नेऊ नये. मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्याही घरच्या गटावर फिरतात. तो जीव कोमट पाण्यात फोफावतो, उन्हाने तापलेल्या उथळ तळ्यांत. २२ अंशांच्या वाहत्या झऱ्यात त्याचा धोका कमी. तरी नाकात पाणी जाऊ न देणं, नाकाला चिमटा लावणं, यात तोटा काहीच नाही.

गवतावर का ओरडतात

आता विहिरीकडे परत. ओरलँडो, जॅक्सनव्हिल, गेन्सव्हिल, टॅलाहासी इथे घरच्या नळाला येणारं पाणी याच ॲक्विफरचं आहे. सगळे मिळून सुमारे एक कोटी लोक त्यावर जगतात. म्हणजे ज्यात पोरं डुंबतायत तेच पाणी घरी पंपाने वर येतं. पंप जास्त चालले की दाब घटतो, आणि दाब घटला की उमाळा मंदावतो. पोक काउंटीतल्या बार्टो गावाजवळ किसेंजन नावाचा झरा होता. लोक तिथे पोहायला, नाचायला, सहलीला येत. आजूबाजूला फॉस्फेटच्या खाणी आणि इतरांचा भूजलउपसा वाढत गेला आणि १९५० मध्ये तो आटला. तो पुन्हा पूर्वीसारखा वाहता झालाच नाही.

दुसरी व्याधी खताची. लॉनवर टाकलेलं खत, शेतातलं खत, सेप्टिक टाक्यांचा झिरपा, सगळ्यातला नायट्रेट वाळूतून थेट खाली. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. पण झऱ्यातल्या जिवांना त्याचा अगदी अंश पुरतो. फ्लोरिडाने झऱ्यांसाठी ०.३५ ही मर्यादा ठरवलीय आणि कित्येक झरे ती ओलांडून बसलेत. म्हणजे तेच पाणी माणसाला चालतं, पण तळाच्या गवताला नाही. खत मिळालं की बुळबुळीत शेवाळ माजतं आणि ज्या गवतावर मासे, कासवं, मॅनटी पोसतात त्याला झाकून टाकतं. पाणी जमिनीखाली अनेक वर्षं, कधी दशकं काढून वर येतं, त्यामुळे आज खत थांबवलं तरी आधीचं मुरलेलं येतच राहतं. वकुलाच्या बाबतीत संशोधकांनी टॅलाहासीच्या सांडपाण्याच्या शेतात रंग सोडून पाहिला होता. गुहांचा रस्ता सापडल्यावर तो दोनेक महिन्यांतच झऱ्यात उगवला. नंतर शहराने आपलं सांडपाणी शुद्धीकरण सुधारलं.

आधीच शेवाळाने बेजार झालेलं गवत आपल्या पायांनी उपटलं जातं. उथळ रनमध्ये शंभर माणसं उभी राहून गप्पा मारत बसली की संध्याकाळपर्यंत तिथे नुसती वाळू उरते. म्हणून पाटी असते, तरंगा, उभे राहू नका. पहिल्या दिवशी मीही उभा होतो, मला शिट्टी वाजवून हटवलं. आप्पा काठावरून म्हणाले, "विहिरीत पाय आपटत नाहीत, गाळ ढवळतो."

दुसऱ्या खेपेला, त्यांच्या परतीच्या आधीच्या आठवड्यात, ते पोहायच्या तयारीने आले. बनियन आणि माझी हाफ पँट. वीसेक वर्षांत पाण्यात उतरलेले नव्हते. गावी विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत आणून दाखवली की पोहणं आलं असं मानत, आणि आप्पा त्यात पटाईत होते, असं निदान ते तरी सांगतात. मी म्हटलं, "आप्पा, दिसतं त्यापेक्षा खोल आहे, तुम्ही नका जाऊ." त्यांनी डोहात वाकून पाहिलं, म्हणाले, "पुरुषभर तर आहे," आणि पायऱ्या उतरून, थोडं पोहून, सरळ खाली गेले.

पाणी इतकं स्वच्छ की वरून त्यांच्या बनियनची शिवणसुद्धा दिसत होती. हात पुढे, बोटं ताणलेली, वाळू अगदी समोर. आई काठावर उभी राहिली. ते वर आले, दोन श्वास घेतले, केस मागे सारले.

"हाताला काही लागेना रे," म्हणाले, आणि पुन्हा खाली गेले.